वरून सात

हिलालनाना कुठलीही यादी खालून वर वाचायचे. रेशन दुकानाबाहेरची यादी असो, मतदारयादी असो, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावं असोत, नानांचं बोट आधी तळाला जायचं आणि मग सावकाश वर सरकायचं. एकदा भेस्तानला एका हॉटेलात आम्ही शेजारीपाजारी जेवायला गेलो होतो. नानांनी भिंतीवरच्या फळ्यावरची शेवटची ओळ वाचली, ती निघाली छाछ, म्हणजे ताक, आणि त्यांनी तीच मागवली. मी हसले, तर म्हणाले, "अलका, ज्याचं नाव 'ह'वरून आणि आडनाव 'स'वरून, तो वरून वाचत बसला तर स्वतःपर्यंत पोचेस्तोवर खिडकी बंद होते."

हिलाल सोनवणे. गाव साक्रीकडचं, पोटासाठी इकडे गुजरातेत आलेले, आम्हा सगळ्यांसारखे. शाळेच्या हजेरीत शेवटचे, लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, पगाराच्या रांगेत शेवटचे. पुढे खातं सोडून त्यांनी लिंबायतमध्ये रिक्षा घेतली, ती म्हणे याचसाठी, की रिक्षात पहिला माणूस ड्रायव्हरच असतो. शाळेची मुलं ने-आण करायचे, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाकडे बघितल्याशिवाय ते एक वाक्य बोलत नसत. कोणी भांडायला आलं की म्हणायचे, "घडी पाहून बोल." भांडणारा खरंच घड्याळाकडे बघायचा आणि निम्मं विसरायचा.

त्यांची बायको कमलताई माझी जोडीदारीण. साड्यांना लेस लावायचं आणि दोरे कापायचं काम आम्ही दोघी एकाच ओट्यावर बसून करायचो. माझा नवरा गेल्यावर मला भाकरी गोड लागायला लागली ती तिच्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे त्याच्याशी मी न्यायाने वागेन अशी कोणी अपेक्षा धरू नये. तो माझा विचार नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या सोसायटीचा चेअरमन, वसंत अहिरराव. सगळे त्याला शेठ म्हणायचे. आमच्या सोसायटीला दोन वाटा. पुढची वाट भाजीबाजारातून जाते. तिथून सायकल काढायची तर चार जणांच्या शिव्या खाव्या लागतात. मागच्या बाजूला मोठं लोखंडी गेट, आणि गेटाबाहेर सरळ मोठा रस्ता. अहिररावने त्या गेटाला लागून साड्यांच्या पार्सलचं गोडाऊन काढलं, गेटाच्या आत आपला टेम्पो आडवा लावला, आणि चोऱ्या होतात म्हणून गेटाला कुलूप ठोकलं. किल्ली एकच, त्याच्या खिशात. रिक्षावाले रिक्षा गेटाबाहेर लावायचे आणि बाजारातून वळसा घालून घरी यायचे. सगळे कुरकुरायचे, आणि कुरकुरण्यापलीकडे कोणी काही करायचं नाही. मीही नाही.

एके दुपारी नाना जेवायला घरी आले होते. ओट्यावर माझ्या शेजारी बसलेली कमलताई म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. अडीचला शाळा सुटायची म्हणून नाना तेव्हाही घड्याळ बघतच होते. त्यांनी मला गेटाकडे पळवलं. टेम्पो आडवा, कुलूप लागलेलं, आणि शेठ सचिन गावाला गेलेला. मी दगडाने कुलूप ठोकलं, पण फुटलं असतं तरी टेम्पोमागे पार्सलांची थप्पी होती, मांजरही निघालं नसतं. मग आम्ही तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. चौघांनी खुर्चीचा एकेक पाय धरला आणि बाजारातून, भेंडी-वांग्यांच्या ढिगांतून, लोकांना बाजूला व्हा बाजूला व्हा म्हणत, सबंध वळसा घालून रिक्षापर्यंत नेलं. तिची मान माझ्या हातावर कलंडली ती मला कळली. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, दुखायला लागून किती वेळ झाला? नाना म्हणाले, "घरातून रिक्षात बसवायला एकवीस मिनिटं." डॉक्टरने हे विचारलंच नव्हतं.

कमलताईच्या दहाव्याला अहिरराव आला. पांढरा सदरा, हात जोडलेले. देवापुढे कोणाचं चालत नाही म्हणाला. नानांनी फक्त एवढंच मागितलं, की आता तरी गेट उघडा. तर म्हणतो, "हिलाल, मी एकटा कोण उघडणारा? कमिटीचा ठराव आहे. निवडून ये, कमिटीत बस, ठराव मोड." आणि चहा पिऊन गेला. तो कप मी पुन्हा घरात घेतला नाही, उकिरड्यावर टाकला.

तर नाना निवडणुकीला उभे राहिले. आमच्याकडे दर तीन वर्षांनी कमिटीची निवडणूक होते, सात जागा, बाहेरून अधिकारी येतो, कागदाची मतपत्रिका असते. नाना दारोदार फिरले. कमलताईचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, सगळे म्हणायचे, नाना, मत तुम्हालाच. आणि नाना पडले. तीन वर्षांनी पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. दोन्ही वेळा मतपत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यांत खाली, आणि दोन्ही वेळा अहिरराव सगळ्यांत वर, सगळ्यांत जास्त मतांनी. निकालानंतर तो हार घालून आमच्या ओट्यावरून गेला आणि नानांना म्हणाला, "लोकांचं प्रेम आहे रे, हिलाल. ते मागून मिळत नाही."

दुसऱ्या पराभवानंतर आठवड्याने नाना माझ्याकडे तीन कागद घेऊन आले. नोटीस बोर्डावर लागणाऱ्या नमुना मतपत्रिका होत्या त्या, गेल्या तीन निवडणुकांच्या. हा माणूस असले कागद रिक्षाच्या सीटखाली जपून ठेवायचा. म्हणाले, "अलका, जन्मात पहिल्यांदा मी यादी वरून वाचली. तूही वाच." मी वाचली. तिन्ही कागदांवर जी वरची सात नावं, तीच तिन्ही वेळा निवडून आलेली. एकही इकडचं तिकडे नाही.

मग त्यांनी आठवडाभर रिक्षात बसणाऱ्या आमच्याच लोकांना खोदून खोदून विचारलं होतं, ते सांगितलं. बारा तासांची पाळी करून माणूस मत द्यायला येतो, डोळे तांबारलेले. कागदावर गुजराती अक्षरांत वीसेक नावं. अधिकारी दम देऊन सांगतो, सातच्या वर एक जरी शिक्का पडला तर अख्खी मतपत्रिका बाद. मग शिक्के विखरून मारले तर मोजायला चुकतील म्हणून प्रत्येक जण वरून सुरुवात करतो, एकाखाली एक सात मारतो आणि घडी घालून मोकळा होतो. एकजण तर नानांना शपथेवर म्हणाला, "नाना, मी वरून सात मारले, त्यात तुम्ही असालच की." नाना हे सांगताना हसत होते, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीन वर्षं ते ज्याला लोकांचा नकार समजत होते तो नकार नव्हताच. कोणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत नाना उठले आणि म्हणाले, नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. गुजरातीत मुळाक्षरांना कक्को म्हणतात. अहिरराव माईकवरून म्हणाला, "आता काय हिलालसाठी कक्को उलटा करायचा? नियम म्हणजे नियम." सगळं सभागृह हसलं. मीही हसले, लिहिताना लाज वाटते, पण त्याने म्हटलंच तसं. नाना खाली बसले आणि घड्याळात बघितलं. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चालू होतं. नंतर कळलं, ते कक्को म्हणत होते.

सापडलं ते असं. अहिररावचं पहिलं अक्षर 'अ', म्हणून तो वर. पण दुसरं अक्षर 'ह'. कक्क्यात 'ह' जवळजवळ शेवटाला. म्हणजे 'अ'ने सुरू होणारं दुसरं कुठलंही नाव घ्या, ते अहिररावच्या वर जाणार. फॉर्मवर आधी नाव लिहायचं की आडनाव, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि जे आधी लिहाल त्यावरून क्रम. नाना माझ्या दारात उभे राहून हे सांगत होते. "ज्या 'ह'नं मला जन्मभर खाली बसवलं, तो त्याच्या नावातबी आहे, अलका."

पुढली अडीच वर्षं त्यांनी याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सोसायटीत ज्यांच्या नावावर घर आहे आणि ज्यांचं नाव 'अ'वरून आहे, अशी सात माणसं त्यांनी हेरून ठेवली. अनसूया, अनिल, अभिमन, अमृत, अरुण, मी अलका, आणि अशोक. अनसूयाबाईंना ऐकू येत नसे. अभिमन सभेत बसल्या बसल्या घोरायचा. माझ्यात तरी काय होतं? सातवी पास, साड्यांना लेस लावणारी विधवा. लायकी सातांची एकच, आईबापांनी ठेवलेलं नाव. स्वतः नाना उभे राहिले नाहीत. "माझं नाव कुठं बसतं ते मला माहीत आहे," म्हणाले.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या तासात, आम्ही एकेक करून सात अर्ज दिले. सगळ्यांनी नाव आधी लिहिलं, आडनाव नंतर. अहिररावचा अर्ज पहिल्याच दिवशी गेला होता, नेहमीसारखा, आडनाव आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लागली. अहिरराव आठवा. तो बोर्डासमोर किती वेळ उभा होता हे मी ओट्यावरून बघत होते, हातातली साडी तशीच. मला इतका आनंद झाला की दोऱ्याऐवजी पदर कापला गेला आणि मुकादमाची बोलणी खाल्ली. चांगलं झालं.

अर्ज मागे घ्यायची मुदत त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत होती. पावणेबाराला अहिरराव नानांच्या घरी आला. मी भाजी द्यायच्या निमित्ताने तिथेच होते. त्याने खिशातून गेटाची किल्ली काढली आणि स्टुलावर ठेवली. सहा वर्षं मागत होतो ती. म्हणाला, "आजपासून गेट उघडं. टेम्पो आत्ता हलवतो. यातल्या एकाला फक्त अर्ज मागे घ्यायला सांग." आवाज अगदी मऊ होता. एवढ्या वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

नानांनी घड्याळ पाहिलं. मग एका बोटाने ती किल्ली स्टुलाच्या कडेपर्यंत सरकवली. "गेट उघडणार, शेठ," ते म्हणाले. "पण तुमच्या हातानं नाही."

तो गेल्यावर मी नानांशी कडाकडा भांडले. हरलो तर गेट आणखी तीन वर्षं बंद राहील, तेवढ्यात आणखी कोणाची खुर्ची निघेल, तुम्हाला गेट पाहिजे की त्याचं नाक? नानांनी कमलताईच्या फोटोकडे पाहिलं. मग अहिराणीत बोलले. ते घरातल्या घरात किंवा फार दुखलं तरच अहिराणीत बोलायचे. "माले तो खाले पाहिजे," म्हणाले. "मी व्हतू तठे." जिथे ते स्वतः जन्मभर होते, तिथे. नाना साधुसंत नव्हते, आणि मला वाटतं म्हणूनच ते मला इतके जवळचे होते. मी भाजी ठेवली आणि घरी आले. अर्ज कोणीच मागे घेतला नाही.

अहिररावने मग पत्रकं छापली, मराठी, हिंदी आणि गुजराती. टेम्पोवर कर्णा लावून त्याची माणसं दिवसभर ओरडत होती, आठवा नंबर अहिरराव, आठव्या नंबरवर शिक्का. आम्ही सातांनी प्रचाराचा एक शब्द काढला नाही. नानांची तशी सक्त ताकीद होती, लोकांना विचार करायला लावू नका. रविवारी मतदान झालं. पाळी सुटलेली माणसं येत होती, जांभया देत आत जात होती, पाच मिनिटांत बाहेर पडत होती.

दुपारी मोजणी. आम्ही उमेदवार पुढच्या खुर्च्यांवर, नाना मागे भिंतीला टेकून. अधिकाऱ्याने एक मतपत्रिका उलगडली, मोजली आणि म्हणाला, आठ शिक्के, बाद. पुढची, बाद. पुन्हा आठ. बाद मतपत्रिकांची वेगळी थप्पी वाढायला लागली आणि हळूहळू सगळ्यांना उमगलं, काय झालं ते. अहिररावच्या माणसांनी कर्णा ऐकला होता. त्यांनी सवयीने वरून सात मारले, आणि मग शेठसाठी आठवाही मारला. ज्यांचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं, नेमकी त्यांचीच मतं बाद झाली. बाकीच्यांनी नेहमीसारखं वरून सात मारलं होतं.

आम्ही सातही निवडून आलो. अहिररावने फेरमोजणी मागितली, आरडाओरडा केला, असं कुठं असतं का म्हणाला, लोकांना मीच पाहिजे होतो. नाना भिंत सोडून पुढे आले. इतक्या वर्षांचा राग, मला वाटलं आता काय काय ऐकवतील. ते फक्त म्हणाले, "नियम म्हणजे नियम, शेठ."

पहिल्याच सभेत गेट उघडायचा आणि टेम्पो-पार्सलं हलवायचा ठराव झाला. मी सेक्रेटरी, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात तो लिहिला आहे, अजून वहीत आहे. अहिररावने किल्ली पाठवली होती. नानांनी ती परत केली आणि करवतीने कुलूप कापलं. अर्धा तास लागला, घाम निथळत होता, पण दुसऱ्या कोणाला त्यांनी करवतीला हात लावू दिला नाही. तेव्हापासून त्यांची रिक्षा गेटाच्या आत, थेट आमच्या ओट्यापाशी उभी राहायला लागली.

पुढच्याच वर्षी, एका सकाळी नऊच्या सुमाराला अहिररावची बायको धावत आली. शेठच्या छातीत दुखत होतं. नाना रिक्षा पुसत होते. खरं सांगते, माझ्या मनात आलं, नाना, फडकं टाकू नका, अजून पुसा. पण नानांनी घड्याळ पाहिलं, फडकं फेकलं आणि रिक्षा त्याच्या दाराला लावली. गेटातून सरळ मोठ्या रस्त्याला. माणूस वाचला. तिसऱ्या दिवशी नाना मला घेऊन त्याला बघायला गेले. खाटेजवळ वाकून हळूच म्हणाले, "तीन मिनिटं लागनात, शेठ. मन्ही कमलले एकवीस लागनात." अहिररावने भिंतीकडे तोंड फिरवलं.

परत येताना मी विचारलं, नाना, एवढ्या घाईने का नेलंत? तर म्हणाले, "मेला असता तर सांगितलं कोणाला असतं?" आणि हॉर्न वाजवला.

त्या दिवसापासून अहिरराव मागच्या गेटाने कधी गेला नाही. त्याचं गोडाऊन तिथून दोन पावलांवर, तरी तो भाजीबाजारातून वळसा घालायचा, ऊन असो, पाऊस असो. नाना ओट्यावर बसून बघायचे. त्यांना चहा गोड लागायचा तेव्हा.

यंदा होळीच्या आधी नाना गेले. दोन दिवसांचा ताप, बस. आदल्या संध्याकाळी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "चालू ठेव." मी त्यात दुसरा काही अर्थ शोधला नाही, घड्याळाला किल्ली दिली.

तिरडी बांधून झाली तेव्हा अहिररावही आला. पाचवा-सहावा उभा होता, खांदा द्यायला पुढे झाला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, सेक्रेटरी मीच. कोणीतरी म्हणालं, शेठ खांदा देणार, पुढून बाजारातून न्यायचं का? मी म्हटलं, नाही, मागच्या गेटाने. आणि अहिररावला म्हटलं, शेठ, तुम्ही पुढचा उजवा बांबू धरा. तो मग खाली वाकला आणि बांबू खांद्यावर घेतला.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी नानांचं घड्याळ बघून निघाले आणि गेटापर्यंत तिरडीच्या बाजूने चालले, अहिररावच्या अगदी शेजारून. गेटाच्या लोखंडी पट्टीवरून त्याचं पाऊल बाहेर पडलं तेव्हा मी घड्याळात पुन्हा पाहिलं आणि फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "चार मिनिटं, शेठ. चालत."